आधी झाडांची मोजणी : वसई-विरारच्या आयुक्तांस खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
वसई-विरार शहर महानगरपालिका, विरार.

महोदय,

आरंभीच सांगून टाकतो की ह्या पत्रास कोणतेही ताजे निमित्त नाही. आपल्या दप्तरी अमुक एका वनराईचे उद्यान करण्याचा प्रस्ताव पडून आहे आणि त्यास हरकत घ्यावी म्हणून मी लेखणी उचलली, असा समज कृपया करून घेऊ नये. महसूल खात्यात पस्तीस वर्षे कारकुनी केलेल्या माणसास एवढे पक्के ठाऊक असते की हरकतींची नोटीस ज्या दिवशी चावडीच्या भिंतीवर डकवली जाते, त्या दिवसापर्यंत नकाशा जवळजवळ मंजूर झालेला असतो, अंदाजपत्रकाची बेरीज लागलेली असते, भूमिपूजनास कोणास बोलवावे ह्याची कुजबुजही सुरू झालेली असते, आणि हरकतदाराच्या अर्जावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारण्यापलीकडे कोणाच्याही हाती फारसे काही उरलेले नसते. मीही असे शेरे मारले आहेत. म्हणून ह्या खेपेस निमित्त घडण्याच्या आधीच लिहितो.

आपणांसच लिहिण्याचे कारण असे की आपण एकाच वेळी दोन खुर्च्यांवर बसता. एका खुर्चीवरून आपण ह्या शहराचे आयुक्त आहात, म्हणजे रस्ते, गटारे, उद्याने आणि विकास आराखड्यातील आरक्षणे आपल्या सहीने मार्गी लागतात; आणि दुसऱ्या खुर्चीवरून, १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या अधिनियमान्वये, आपण वृक्ष प्राधिकरणाचे अध्यक्ष आहात, म्हणजे पहिल्या खुर्चीवरून निघालेल्या कामात जी झाडे आडवी येतात त्यांच्याविषयी दाद मागावयाची ती आपल्याचकडे. अर्जदारही तेच आणि हाकीमही तेच, अशी ही रचना आहे. तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु दुसरी खुर्ची पहिलीइतकी वापरात नसावी, अशी शंका मात्र येते.

मी नंदाखालचा. जेथे १५७३ पासून पवित्र आत्म्याचे चर्च उभे आहे, आणि ज्याच्या चहूकडे केळी, नारळ, नागवेली आणि फुलझाडे ह्यांच्या वाड्या एकमेकींस खेटून पसरलेल्या आहेत, त्या ह्या गावात झाड ही शोभेची वस्तू कधीच नव्हती. राजेळी केळ पिकवून, सोलून, उन्हात वाळवून तिची सुकेळी करावी आणि ती आगाशीच्या नावाने मुंबईस विकली जावी; मोगरा, चाफा, जास्वंद पहाटे खुडून गाडीने दादरला न्यावीत; आणि ह्या सगळ्यास पाणी पुरावे म्हणून वाडीच्या खोलगट कोपऱ्यात पूर्वजांनी खणून ठेवलेले बावखल पिढ्यान्‌पिढ्या उपसावे आणि जपावे, असा आमचा शिरस्ता. बावखल म्हणजे तळे नव्हे आणि विहीरही नव्हे. रेताड जमिनीत खणलेला तो एक उघडा, उतरत्या कडांचा खड्डा असतो, ज्यात पावसाचे गोडे पाणी साठते, मुरते आणि समुद्राकडून आत शिरू पाहणाऱ्या खाऱ्या पाण्यास थोपवून धरते. त्याच्या काठास भेंड, करंज, उंडी, जांभूळ अशी झाडे असत. ती कोणी मुद्दाम लावलेली असत, कोणी आपसूक आलेली. परंतु त्यांच्या मुळांनी कड धरून ठेवली आणि त्यांच्या सावलीने पाणी राखले, एवढे खरे. शहरातून आलेल्या पाहुण्यास मात्र बावखल म्हणजे डासांचे डबके वाटते आणि त्याच्या काठची झाडी म्हणजे रान. त्याच्या डोळ्यांपुढे तेथे लगेच हिरवळ, कारंजे आणि रंगीत दिवे उभे राहतात.

हा दृष्टिभेद माझ्या ध्यानात प्रथम आला तो नंदाखालात नव्हे, तर मुंबईत, भायखळ्यास.

माझे वडील वाडीतील भाजीच्या टोपल्या घेऊन विरारहून पहाटेच्या गाडीने निघत, दादरला गाडी बदलीत आणि भायखळ्याच्या मंडईत माल उतरवीत. घाऊक भाजीबाजार तेथून उठून नव्या मुंबईत जाण्यास तेव्हा अजून तीस-पस्तीस वर्षांचा अवकाश होता. शाळेस सुटी असली म्हणजे ते मला बरोबर नेत आणि हिशेब चुकता झाल्यावर, पुष्कळदा रिकाम्या टोपल्या एकात एक घालून डोक्यावर घेतलेल्या अशाच, आम्ही चालत राणीच्या बागेत जात असू. इतर मुले हत्ती आणि माकडे पाहण्यासाठी ओढ घेत. वडील मात्र गोरखचिंचेपाशी थांबत. त्या अजस्र, राखी, हत्तीच्या कातडीसारख्या खोडावर तळवा टेकून ते बराच वेळ उभे राहत, आणि मग खाली बसून झाडाबुडची माती चिमटीत घेऊन बोटांनी चुरीत. एकदा त्यांनी तेथल्या माळ्यास विचारले, “ह्यांना पाणी कोण घालतो?” माळी म्हणाला, “कोणी नाही. ह्यांचा पाला ह्यांच्याच पायाशी कुजतो, तेवढ्यावर भागते.” वडिलांनी मान डोलावली, वाडीकराने वाडीकरास ओळखले. परतीच्या गाडीत ते एवढेच म्हणाले की मुंबईत एक शहाणा माणूस भेटला.

ती बाग कशी जन्मली आणि अलीकडे तिच्यावर कोणता प्रसंग गुदरला, हे आपणांस सांगणे मला अगत्याचे वाटते, कारण जुन्या वनराईचे आधुनिक उद्यान करावे की करू नये ह्या वादाचे इतके संपूर्ण उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नसावे. पश्चिम हिंदुस्थानातील शेती व बागाईतीस वाहिलेली जी एक संस्था होती, तिची बाग आधी शिवडीस होती. पुढे तिच्या नव्या बागेचा मुहूर्त भायखळ्यास झाला आणि १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर फ्रिअर साहेबांच्या पत्नीच्या हस्ते ती ‘व्हिक्टोरिया गार्डन्स’ ह्या नावाने खुली करण्यात आली. शिवडीच्या जुन्या बागेचे पुढे काय झाले, हेही ह्या ठिकाणी सांगण्याजोगे आहे : १८६५ मध्ये मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड ह्यांनी ती जागा दफनभूमीसाठी घेतली. आपल्याच पदावरील एका पूर्वसूरीने बागेची स्मशानभूमी केल्याची ही नोंद मी उगाच काढलेली नाही. निदान मृतांना तेथे सावली तरी मिळाली.

भायखळ्याची बाग १८७३ मध्ये नगरपालिकेच्या ताब्यात आली. तिच्या प्रवेशद्वाराशी संग्रहालय झाले, ज्यास आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांच्या नावाने ओळखतो. घारापुरी बेटावरचा दगडी हत्ती विलायतेस नेण्याच्या खटपटीत दुभंगला होता, तो तेथे आणून पुन्हा जोडून उभा करण्यात आला. आणि स्वातंत्र्यानंतर काळ्या घोड्याचा पुतळाही चौकातून उठून तेथेच विसाव्यास आला. बागेचे नाव बदलून वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान झाले. परंतु ह्या सर्व उलथापालथीत जी हलली नाहीत ती झाडे. दीडशे वर्षांत देशोदेशींहून आणलेली रोपे तेथे महावृक्ष झाली. ब्रह्मदेशाकडची उर्वशी, मादागास्करचा कॉल्व्हिल, तोफगोळ्यांसारखी फळे धरणारा कैलासपती, पानाचा द्रोण करणारा कृष्णवड, सीतेचा अशोक : ही सगळी मंडळी एका आवारात नांदत होती आणि मुंबईकर मात्र तेथे वाघ पाहण्यास जात होता.

२००७ च्या सुमारास महानगरपालिकेने ह्या जागेवर जागतिक दर्जाचे प्राणिसंग्रहालय उभारण्याचा संकल्प सोडला, परदेशी सल्लागार नेमले, आणि शेकडो कोटींचा आराखडा तयार झाला. आराखडा देखणा होता, असे म्हणतात, आणि असेलही. परंतु त्यात झाडे कोठे आहेत, ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशी नव्हते, कारण आराखडा काढणाऱ्यांच्या लेखी ती मोकळी जागा होती. तेव्हा मूठभर नागरिक, आणि त्यांतही बहुतेक स्त्रिया, पुढे आल्या. त्यांनी मोर्चे काढले नाहीत असे नाही. पण त्यांचे खरे बळ निराळ्या ठिकाणी होते. त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली कागद मागविले, वनस्पतिशास्त्राच्या जाणकारांस बागेत फिरविले, लोकांना हात धरून झाडांपाशी नेले, आणि वादाच्या मध्यभागी आकडा आणून ठेवला : ३२१३ वृक्ष, २८६ जाती. माझ्यासारख्या दप्तरी माणसास ह्या आकड्याचे मोल कळते. ‘बागेत पुष्कळ झाडे आहेत’ हे वाक्य फायलीत वाहून जाते. ३२१३ हा आकडा फायलीत रुतून बसतो, आणि पुढे तो खोडण्यास कोणाची तरी सही लागते. वारसा संवर्धन समितीने त्या आराखड्यास संमती नाकारली, आणि ज्या रूपात तो मूळचा मांडला गेला होता त्या रूपात तो कधीच उतरला नाही.

हे विजयाचे आख्यान म्हणून सांगत नाही. २०१६ मध्ये सेऊलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले, त्यांतला एक त्याच वर्षी दगावला, २०१७ च्या मार्चमध्ये उरलेल्यांचे दर्शन खुले झाले आणि त्याच साली प्रौढांचे प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास झाले. पेंग्विन पाहण्यास मुले हरखून येतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, माझी नातही हरखली होती, आणि थंड काचेमागचा तो डौलदार जीव पाहताना मलाही बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. एवढेच की भाजीच्या रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन जाणारा माणूस पन्नास रुपयांचे तिकीट काढून गोरखचिंचेस हात लावण्यास जाईल किंवा कसे, हा हिशेब त्या फायलीत कोणी मांडला असेल असे वाटत नाही.

आता एक गोष्ट माझ्या नोकरीतील. शहराचे नाव घेत नाही, आणि ज्या कचेरीने काम केले तिचेही नाव घेत नाही, कारण त्यांतील काही माणसे माझ्या पंगतीस बसलेली आहेत. तेथे साहेबी अमदानीतील एका बंगल्याचे मोठे आवार होते; बंगला पडला होता, आवारातील चिंचा मात्र उभ्या होत्या, दोघांच्या कवेत न मावणाऱ्या. आवाराचे उद्यान करण्याचे ठरले, आणि एकही झाड तोडणार नाही अशी ग्वाही देण्यात आली. ती ग्वाही अक्षरशः पाळली गेली. एकही झाड तोडले नाही. फक्त हिरवळ सपाट यावी म्हणून चिंचांच्या बुडाशी वीत-दीड वीत माती चढविली. चालण्याची वाट खोडापासून हातभर अंतरावरून गेली आणि तिच्या कडेस सिमेंटची किनार बसविण्यासाठी चर खणला. आणि मग खोडाला चिकटवून पेव्हर ब्लॉकचा गोल पार केला, ज्यावर ज्येष्ठ नागरिकांनी बसावे. तिसऱ्या पावसाळ्यात, वाऱ्याचा फारसा जोर नसताना, त्यांतली एक चिंच रात्री उलथली. पंचनाम्यास मी गेलो होतो. वर आलेला बुंधा पाहून आमच्याबरोबरचा पोलीस पाटील काही बोलला नाही, त्याने नुसते बोट दाखविले : एका बाजूची मुळे लांबवर तुटून, चिरफाळ्या होऊन आली होती, आणि दुसऱ्या बाजूची, जिकडे वाटेचा चर गेला होता तिकडची, करवतीने कापावी तशी सरळ रेषेत संपलेली होती. त्या टोकांवर काळी बुरशी धरली होती. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळे खोलवर नसतात, वरच्या हात-दीड हात मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात, हे मला त्या दिवशी कळले. म्हणजे वाडीकराच्या पोराला ते आधी ठाऊक असावयास हवे होते. पंचनाम्यात मी कारण काय लिहिले? ‘नैसर्गिक आपत्ती.’ रकान्यात दुसरा पर्याय नव्हता.

ह्या गोष्टीमुळे, महोदय, ‘एकही झाड तोडले जाणार नाही’ ह्या वाक्यावरील माझा विश्वास उडाला आहे.

आपल्या हद्दीतील सर्वांत जुनी वनराई कोणती, असे कोणी विचारले तर मी वसईच्या किल्ल्याकडे बोट दाखवीन. सुमारे ११० एकरांचे ते आवार. १५३४ च्या तहाने हा मुलूख गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेला, दोनशे वर्षांनी, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी आप्पांच्या फौजेने तो जिंकला, आणि १८०२ च्या अखेरीस ज्या तहाने पेशवाईचा कणा मोडला त्यालाही ह्याच गावाचे नाव लागले. माणसे गेली, छपरे कोसळली, आणि मोकळ्या पडलेल्या चर्चांच्या गाभाऱ्यांतून ताड, वड, चिंच, पिंपळ ह्यांनी आपापली जागा धरली. ही झाडी कोणा बागवानाने लावलेली नाही. ती इतिहासाच्या पाठीमागून चालत आली. किल्ला केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या अखत्यारीत आहे, शंभर मीटरपर्यंत बांधकामास मनाई आणि त्यापुढे दोनशे मीटर नियंत्रण असा कायदा आहे, म्हणून आपला अधिकार तेथे तटापर्यंतच पोहोचतो. परंतु किल्ल्यातूनच किल्लाबंदरास रस्ता जातो, तेथल्या कोळ्यांची रोजची ये-जा त्याच वाटेने आहे, रविवारी छायाचित्रे काढणाऱ्या जोडप्यांची झुंबड असते, आणि त्यांच्या मागोमाग दिवे लावा, बाकडी मांडा, बाग करा, ही मागणीही येते. दुर्गप्रेमी तरुण उलट म्हणतात की तटावरचा पिंपळ आधी उपटा, त्याची मुळे चिरे उचकटीत आहेत. ह्यांतला तरुणांचा मुद्दा खरा आहे. चुन्याच्या भिंतीत रुजलेला पिंपळ राखणे म्हणजे भिंत आणि पिंपळ दोन्ही गमावणे. तो तज्ज्ञाच्या देखरेखीखाली निघालाच पाहिजे. सगळीच झाडे सारखी राखावयाची, असे माझे म्हणणे नाही. कोणते झाड कोठे आहे आणि ते तेथे काय करते आहे, हे कळल्याखेरीज ते राखूही नये आणि काढूही नये, एवढेच.

आमच्या गावात ह्या विषयावर एकमत आहे असेही समजू नये. मागल्या पावसाळ्यात चर्चच्या पटांगणाशी उभा असता शेजारचा एक तरुण मला स्पष्ट म्हणाला, “अंकल, तुम्हांला वाडी आहे म्हणून तुम्ही झाडांची गाणी गाता. नालासोपाऱ्याच्या चाळीत जा. दोन बिल्डिंगींच्या मधे पोरं क्रिकेट खेळतात, नि चेंडू गटारात जातो. त्यांना उद्यान नको?” मला उत्तर सुचले नाही. २००९ च्या जुलैत चार नगरपालिका आणि त्रेपन्न गावे एकत्र करून ही महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हापासून लोहमार्गाच्या पूर्वेस माणूस ज्या दाटीने वसला आहे त्या दाटीत एक मोकळे मैदान म्हणजे चैन नव्हे, औषध आहे. झाडी बंदिस्त राहिली म्हणजे तेथे जुगाराचे आणि दारूचे अड्डे बसतात, स्त्रिया तिकडून जाण्यास भितात, हाही आक्षेप मी ऐकला आहे आणि त्यात तथ्य आहे. परंतु ह्यावरचा उपाय म्हणून पश्चिमेच्या पट्टीतील वाड्या आणि राया ह्यांच्यावर आरक्षणाचा हिरवा रंग फिरवावा, हे मला ज्याच्या घरात पाणी नाही त्याच्यासाठी शेजाऱ्याचे बावखल बुजवून त्यावर टाकी बांधण्यासारखे वाटते. मैदान हवे तेथे मैदान द्या. त्यासाठी ओसाड, भराव घातलेल्या, अतिक्रमणाखालच्या जागा सोडवून घेणे अवघड आहे हे मी जाणतो, आणि झाडे असलेली जागा मिळविणे सोपे असते, कारण झाड न्यायालयात जात नाही.

नंदाखालात जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांना आम्ही जुलै २०२४ मध्ये ह्याच मातीत ठेवले. साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखले. आमच्यासाठी ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हरित वसईसाठी रस्त्यावर उतरलेले धर्मगुरू होते. तेव्हा शासनाने वसईचा हिरवा पट्टा बांधकामास मोकळा करण्याचा घाट घातला होता, आणि दुसरीकडे आमच्याच विहिरींतून टँकर भरून इमारतींना पाणी विकले जात होते; उपसा इतका झाला की काही वाड्यांच्या विहिरी मचूळ झाल्या. त्या लढ्यात मी नोकरदार असल्यामुळे मागच्या रांगेत होतो, हे लाजत का होईना सांगतो. परंतु त्या काळी ज्यांनी मोर्चे काढले त्यांच्यावर ‘विकासविरोधी’ हा शिक्का मारणाऱ्यांना जुलै २०१८ मध्ये, शहर कित्येक दिवस पाण्याखाली राहिले आणि गाड्या बंद पडल्या तेव्हा, वेगळ्या भाषेत उत्तर मिळाले. त्यानंतर निरी आणि आयआयटी मुंबई ह्यांच्या तज्ज्ञांनी पाहणी केली आणि शिफारशींत धारण तलावांवर भर दिला. पावसाचे पाणी थोपवून धरणारा खड्डा, ज्याच्या काठास झाडे असावीत आणि तळ मुरता असावा : ह्याचे नाव आमच्याकडे जुने आहे. ते शिफारशीत वाचावयास मिळाले तेव्हा आमच्या आजीची आठवण झाली, जी बावखलात घरातील केर टाकणाऱ्या सुनेस दिवसभर बोलत नसे.

आता मागणे सांगतो. जेव्हा केव्हा एखाद्या जुन्या झाडीचे उद्यान करण्याचा विषय आपल्या मेजावर येईल, तेव्हा नकाशा काढण्यापूर्वी आपण दुसऱ्या खुर्चीवर बसावे आणि त्या जागेची झाडवार मोजणी करवून घ्यावी : जात, छातीच्या उंचीवर खोडाचा घेर, फांद्यांचा पसारा, अंदाजे वय, आणि जागेवरील ठिकाण. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे बंधन कायद्याने घातलेलेच आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडास वारसा वृक्षाचा दर्जाही दिला आहे. ह्याच दुरुस्तीत तोडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावावी अशी तरतूद आहे, जी ऐकण्यास न्याय्य वाटते. परंतु ऐंशी वर्षांच्या आंब्याच्या बदल्यात ऐंशी रोपे रस्त्याच्या दुभाजकावर लावली म्हणजे आंब्याचा हिशेब मिटला, असे मानणारा माणूस बहुधा कधी आंब्याखाली बसलेला नसतो. मोजणीचा कागद झाल्यावरच नकाशा निघावा, आणि फांद्यांच्या घेराच्या आत खणणे, भर घालणे, सिमेंट ओतणे ह्यांस त्या नकाशातच मनाई असावी. वाटा मुरमाच्या असाव्यात. पाला झाडून, पोत्यांत भरून कचराभूमीवर नेण्याचा जो आपल्याकडे प्रघात पडला आहे तो तेथे बंद करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, तेथे एक माळी कायम नेमणुकीवर असावा. ठेकेदाराचा माळी तीन महिन्यांनी बदलतो, त्यास एकाही झाडाची ओळख पटत नाही, आणि राणीच्या बागेतील त्या माळ्यासारखे उत्तर देण्यास मनुष्य त्याच झाडाखाली निदान दहा पावसाळे राहिलेला असावा लागतो.

गावकऱ्यांची सुनावणी दुपारी तीन वाजता विरारला न ठेवता संध्याकाळी गावातच ठेवावी, आणि नकाशावरची अक्षरे मराठीत असावीत, हेही जाता जाता सुचवितो. दुपारी तीनला आमच्या स्त्रिया फुलांस पाणी देत असतात.

आपणांस मोजणीचे काम सांगताना स्वतः हात बांधून बसणे बरे नव्हे, म्हणून मी एक शंभर पानी वही घेतली आहे. आमच्या वाडीच्या बावखलाच्या काठापासून आरंभ केला. मी घेर मोजतो, नात नावे लिहिते, आणि ज्या झाडाचे नाव दोघांनाही येत नाही तेथे ती प्रश्नचिन्ह काढते. पहिल्या पानावर सतरा झाडे झाली आहेत. त्यांत दोन प्रश्नचिन्हे आहेत. आपल्या उद्यान विभागातील कोणी जाणकार सवडीने इकडे आल्यास ती सोडवून द्यावीत, ही विनंती. सकाळी आठापूर्वी आल्यास बरे; पुढे ऊन चढते आणि मी फुले घेऊन स्टेशनावर गेलेला असतो.

आपला,
नंदाखालचा एक वाडीकर

सोबत : वहीच्या पहिल्या पानाची प्रत.